विलायती शिरीष उतरवताना: दोर, कप्पी आणि क्रेन यांच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४ : पाहणी

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या सोसायटीच्या आवारात विलायती शिरीष आहे. आपल्याकडे त्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर ३.९ मीटर भरला, म्हणजे व्यास साधारण सव्वा मीटर. उंची १८ मीटर आणि पसारा २६ मीटर आहे. हे झाड उंच जाण्यापेक्षा आडवे पसरते, त्यामुळे कामाची खरी अडचण शेंड्याची नसून बारा-बारा मीटर आडव्या गेलेल्या खांद्यांची आहे.

बुंध्याच्या पश्चिम अंगाला तळाशी गॅनोडर्मा बुरशीच्या कडक, तपकिरी टोप्या आल्या आहेत. लाकडी हातोडीने ठोकत बुंध्याभोवती फेरी मारली असता पूर्व, उत्तर आणि दक्षिण या बाजूंना आवाज खणखणीत येतो, पण पश्चिमेला तो बद्द होतो, आणि तिथे मुळांच्या फुगवट्यात सळई हाताच्या जोराने ४० सेंटिमीटर आत गेली. वरच्या खांद्या अजून हिरव्या आणि पालेदार असल्यामुळे रहिवाशांना झाड धडधाकट वाटते. मात्र गॅनोडर्मा तळाचे आणि मुळांचे लाकूड पोखरत असते, आणि अशी झाडे पाला हिरवा असतानाच मुळासकट कलंडतात.

पूर्वेला चार मजली इमारत असून दोन जाड खांद्या तिच्या गच्चीवर, सौर बंबांच्या वर गेल्या आहेत. दक्षिणेला गल्ली आणि तिच्यातून गेलेली विजेची वाहिनी आहे. पश्चिमेला शेजारच्या बंगल्याची भिंत आणि मंगलोरी कौलांची पडवी येते. मोकळी जागा काय ती उत्तरेला, वाहनतळावर. गल्लीकडच्या खांदीखाली आग्या मोहोळ लटकले आहे, आणि ते जाईपर्यंत कोणीही झाडावर चढायचे नाही, असे सर्वांना सांगितले.

५ डिसेंबर : परवानगीचे कागद

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खालील परवानगी सोसायटीने आधीच मिळवलेली आहे. झाड पन्नाशी ओलांडलेले असल्याने २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे ते वारसा वृक्षात मोडते, आणि तोडायच्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याची अट येते. रोपांची जागा सोसायटीने ठरवली आहे. परवानगीच्या प्रतीवरचा झाडाचा क्रमांक बुंध्यावरच्या पत्र्याशी ताडून पाहिला. हे काम दोन मिनिटांचे असते, पण ते करवत सुरू होण्याआधीच व्हायला हवे.

९ डिसेंबर : पद्धत ठरवणे

सगळे झाड दोरानेच उतरवावे, क्रेनचा खर्च कशाला, असा प्रश्न बैठकीत आला. त्याचे उत्तर हिशेबासह द्यावे लागले, म्हणून ते इथेही नोंदवून ठेवतो.

दोरबांधणीत फांदीचा भार शेवटी झाडच पेलते. वर एखाद्या बेचक्यात कप्पी बांधायची, तिच्यातून दोर नेऊन एक टोक फांदीला बांधायचे आणि दुसरे खाली रोधखुंटाला, म्हणजे दोराला घर्षणाने रोखणाऱ्या खुंटाला, गुंडाळायचे. फांदी सुटली की कप्पीवर एका बाजूने फांदीचे वजन येते आणि दुसऱ्या बाजूने ते तोलून धरणाऱ्या दोराचा तितकाच ताण येतो. दोराच्या दोन्ही शाखा समांतर असतील तर १०० किलोच्या फांदीने कप्पीच्या बांधावर २०० किलो पडतात. दोन शाखांमध्ये ९० अंशांचा कोन असेल तर भार १.४१ पट होतो, आणि १२० अंशांचा असेल तर फांदीच्या वजनाइतकाच राहतो. हे सगळे फांदी स्थिर लटकत असतानाचे आकडे आहेत. कप्पीच्या वर असलेला ओंडका कापून तो खाली कोसळत दोरावर अडकवला, तर हिसक्याचा भार वजनाच्या कित्येक पट होतो. निरोगी झाड वाकून, हेलकावून तो हिसका पचवते. तळ कुजलेल्या झाडाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

क्रेनमध्ये हाच प्रवाह उलटा होतो. तुकडा कापण्याआधीच त्याचा भार हुकावर घेतलेला असतो, त्यामुळे कापताना झाडावरचे ओझे वाढत नाही, उलट हलके होते. तळ कुजलेल्या झाडासाठी क्रेन हा खर्चिक नव्हे तर एकमेव शहाणा मार्ग आहे, असे माझे मत आहे. मात्र दोराने उतरवताना अंदाज थोडा चुकला तर खालचा माणूस दोर सरकू देऊन हिसका मऊ करू शकतो, तशी सवलत क्रेनकडे नसते. कापलेला तुकडा परत बुंध्याला चिकटवता येत नाही. वजन जास्त निघाले तर ते कळेपर्यंत ते हुकावर आलेले असते, म्हणून क्रेनच्या कामातला प्रत्येक निर्णय करवत लावण्याआधी संपलेला असला पाहिजे.

उत्तरेच्या वाहनतळावर क्रेन उभी केल्यास पूर्व, उत्तर आणि दक्षिण या बाजू तिच्या आवाक्यात येतात; पश्चिमेच्या खांद्यांची टोके येत नाहीत. तेवढी टोके दोराने आणि बाकीचे झाड क्रेनने, अशी विभागणी ठरली.

१२ डिसेंबर : वजने आणि क्रेनची निवड

प्रत्येक तुकड्याच्या वजनाचा तक्ता केला. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला १००० किलो धरले आहे. या जातीचे लाकूड त्याहून हलके असते, पण ओलावा, साल आणि आत साचलेले पाणी यांचा भरवसा नसल्याने हिशेब सोयीचा आणि सुरक्षित राहतो. इमारतीकडच्या खांदीचा एक तुकडा ६ मीटरचा, बुडाशी ४२ सेंटिमीटर आणि टोकाशी २० सेंटिमीटर व्यासाचा येतो. सरासरी व्यास ३१ सेंटिमीटर घेऊन घनफळ ०.४५ घनमीटर येते. निमुळत्या आकाराचे रीतसर सूत्र लावले तर ०.४७. सरासरीची पद्धत नेहमी थोडे कमीच दाखवते, आणि कमी दाखवणारी पद्धत या धंद्यात वापरू नये. लाकडाचे ४७० आणि डहाळ्या-पाल्याचे १५० मिळून ६२० किलो धरले. सर्वांत जड तुकडा, म्हणजे मुख्य बेचक्याखालचा सोट (उभे खोड), १६०० किलोच्या आत ठेवायचा आहे.

भाड्याने देणाऱ्याने सुरुवातीला बाजारात सरसकट हायड्रा म्हटली जाणारी, उचलून चालत जाणारी क्रेन सुचवली. तिचा बूम (उचलणारा लांब दांडा) जागच्या जागी गोल फिरत नाही, तिला यंत्र तोलून धरणारे बाजूचे पाय नसतात आणि तिची पोहोचही तोकडी असते, त्यामुळे ती खाली आलेले ओंडके ट्रकमध्ये भरण्यापुरतीच घेतली. झाडासाठी ४० टनी ट्रक-क्रेन ठरवली. ४० टन हा आकडा यंत्राच्या अगदी जवळ, जेमतेम तीन मीटरच्या त्रिज्येवर लागू होतो. आम्हाला १६ मीटरवर उचलायचे आहे, आणि या यंत्राच्या भार-तक्त्यात त्या त्रिज्येला आमच्या बूमच्या लांबीसाठी ५.२ टन दिले आहेत. हूक-ब्लॉक, पट्टे आणि शॅकल (जोडकड्या) यांचे ०.४ टन वजा करून ४.८ राहतात, आणि झाडाच्या कामात आम्ही त्याच्या निम्म्यावर जात नाही. निम्मे का, असे क्रेनचालकाने विचारले. कारखान्यातल्या यंत्राचे वजन त्याच्या पाटीवर लिहिलेले असते, फांदीला पाटी नसते. शिवाय भार आला की बूम वाकतो आणि त्रिज्या वाढते, म्हणजे तक्त्यातला आपला आकडा उचलता उचलताच कमी होतो. हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. "मग दादा, पहिला तुकडा लहान द्या, म्हणजे मला पण कळेल," एवढेच तो म्हणाला.

१६ डिसेंबर : जमीन

वाहनतळाखाली सोसायटीची पाण्याची टाकी आहे, ती नकाशात सापडली. जुनी, बुजवलेली मैला-टाकी मात्र नकाशात नव्हती. ती जुन्या रखवालदाराने पायाने दाखवली आणि पहार मारून तिची कड शोधावी लागली. दोन्ही जागा चुन्याने आखून घेतल्या.

यंत्र आणि भार मिळून सुमारे ४० टन होतात, आणि बूम एका कोपऱ्यावर फिरला की त्यांतले तीन चतुर्थांश एकाच पायावर येऊ शकतात असे धरले, म्हणजे ३० टन. दीड मीटर चौरस तक्त्यावर ते प्रति चौरस मीटर १३ टनांहून थोडे अधिक पडते. आखलेल्या जागेबाहेर घट्ट मुरूम असल्यामुळे ते चालण्यासारखे आहे. लाकडी स्लीपर आडवे-उभे दोन थरांत लावून वर पोलादी प्लेट ठेवायची आहे. या यंत्राच्या तक्त्यात चालकाच्या केबिनवरून पुढे उचलण्याला मान्यता नाही, म्हणून ट्रक पाठमोरा लावायचा.

१९ डिसेंबर

मधपाळांनी आग्या मोहोळ रात्री हलवले. ढोल्यांमध्ये कॅमेरा सोडून पाहिले, घरटे नाही. पिंगळे आणि पोपट याच सुमारास ढोल्या धरू लागतात, तेव्हा काम लांबवण्यात अर्थ नाही.

४ जानेवारी २०२५ : पश्चिमेची टोके, दोराने

कामाच्या क्रमावर सकाळी पुन्हा बोलणे झाले. पूर्वेच्या जड खांद्या आधी काढल्या तर उरलेले झाड पश्चिमेकडे, म्हणजे कुजलेल्या मुळांवर ओझे टाकेल. पश्चिम पूर्ण मोकळी केली तर झाड पूर्वेकडे ओढले जाईल आणि त्याच कुजलेल्या मुळांवर ताण येईल. म्हणून पश्चिमेचा फक्त बाहेरचा तिसरा हिस्सा आज, पूर्वेच्या खांद्या उद्या क्रेनने, आणि मग पश्चिमेची आतली थोटके, असा आलटून-पालटून क्रम ठेवला. आत आलेली थोटके तोवर क्रेनच्या आवाक्यातही येतात.

कप्पी १२ मीटर उंचीवर, उत्तरेच्या धडधाकट सोटावर दुहेरी वेढ्याच्या पट्ट्याने बांधली. रोधखुंट झाडाच्या स्वतःच्या बुंध्याला न बांधता उत्तरेला ९ मीटरवर असलेल्या सोनमोहोराच्या बुंध्याला बांधला. यात दोन गोष्टी साधल्या. दोर हाताळणारी माणसे पडत्या फांदीपासून दूर राहिली. आणि दोर तिरका गेल्यामुळे आडवी ओढ कोणत्या दिशेने यावी, हे आम्हाला ठरवता आले. १२ मीटर उंची आणि ९ मीटर अंतर म्हणजे दोर उभ्या रेषेपासून सुमारे ३७ अंश कललेला असतो. कप्पीवरचा भार वजनाच्या १.९ पट येतो, म्हणजे उभा दोर ठेवण्यापेक्षा फारसा कमी नाही. मात्र त्यात ०.६ पट आडवी ओढ उत्तरेकडे असते. उत्तर-दक्षिण ओढीत दक्षिणेच्या मुळांवर ताण आणि उत्तरेच्या मुळांवर दाब येतो, आणि ती दोन्ही सशक्त आहेत. कुजलेली पश्चिम बाजू मधल्या रेषेवर राहते व तिच्यावर दोन्ही अगदी थोडे येतात. पश्चिमेच्या फांद्या उतरवताना दोर उत्तरेला का, याचे कारण एवढेच.

तुकड्याची मर्यादा १२० किलो ठेवली. दोर १६ मिलिमीटरचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर वापरला. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा नायलॉन दोर आम्ही भार उतरवायला घेत नाही. तो ताणला जातो, ओला झाला की कमजोर होतो आणि त्याच्या ताकदीचा कागद कोणाकडेच नसतो. दोराला गाठ मारली की त्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, हेही हिशेबात धरून भार तुटण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाखाली ठेवला आहे.

आजचे मुख्य आरोहक मूळचे गुहागरकडचे आहेत आणि लहानपणापासून माडावर चढत आले आहेत. त्यांच्या पायाला झाडाचा कंप कळतो. तिसऱ्या फांदीला त्यांनी वरूनच खाली थांबायला सांगितले, कारण सोट डुलून परत जागेवर यायला आधीपेक्षा जास्त वेळ घेत होता. रोधखुंटावरचा एक वेढा कमी करून पुढच्या फांद्या अडकवून न धरता सलग सरकू दिल्या आणि जमिनीच्या दोन मीटर वर हळूहळू थांबवल्या, तेव्हा ते डुलणे पुष्कळ उतरले. खालचा माणूस दोर घट्ट धरून फांदी जागीच थांबवतो, तेव्हा त्याला काम नेमके झाल्यासारखे वाटते. त्याची किंमत वरच्या बांधाला मोजावी लागते. कौलांवर एक डहाळीसुद्धा पडली नाही.

५ जानेवारी : क्रेन, पूर्वेच्या खांद्या

गल्लीतल्या वाहिनीचा प्रवाह दिवसभरासाठी बंद करून घेतला होता, तरीही बूम त्या बाजूला फिरवायचा नाही अशी हद्द चालकाला दिली. गच्चीच्या कडेला वाऱ्याची गती मोजायला एक जण बसवला. पालेदार फांदी हवेत गेली की तिचे शीड होते.

आरोहकाने हुकावर लटकून वर जायचे का, हा प्रश्न क्रेनच्या प्रत्येक कामात निघतो. अमेरिकेतल्या झेड १३३ या वृक्षकामाच्या सुरक्षा-मानकात काही अटींवर तशी मुभा आहे. आम्ही ती घेत नाही. ज्या हुकावर भार, त्याच हुकावर माणूस नको, असा आमचा नियम आहे. आरोहक धडधाकट सोटाला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला होता, करवतीजवळचा त्याचा कमरदोर पोलादी गाभ्याचा होता, आणि इमारतीकडच्या टोकांचे बांध आम्ही वेगळ्या बूम-लिफ्टच्या टोपलीतून घातले.

आडव्या खांदीला एकाच जागी पट्टा बांधून उचलले की ती जड बाजूला कलंडते, म्हणून दोन पट्टे लागतात. बुडाकडचा पट्टा आखूड आणि टोकाकडचा लांब घेऊन हूक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर यायला हवा. नुसते निमुळते लाकूड असेल तर मध्य बुडाकडे सरकतो, पण टोकाला पाल्याचा भार असेल तर तो पुन्हा बाहेर जातो. पाला ठेवून उचलायचे की आधी विरळ करायचा, हे यामुळेच आधी ठरवावे लागते. पट्ट्यांचा जमिनीशी कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पट्ट्यावर वजनाच्या ०.५८ पट ताण येतो, ४५ अंशांना ०.७१ आणि ३० अंशांना पूर्ण वजनाइतका. आम्ही ६० च्या खाली गेलो नाही. पट्टे करड्या रंगाचे, म्हणजे ४ टनी. फास घातल्यामुळे त्यांची क्षमता पाचव्या हिश्शाने कमी धरली. तारेचा स्लिंग सालीवर घसरतो आणि ओल्या सालीत रुततो, म्हणून तो झाडावर वापरलाच नाही.

क्रेनचालकाला फांद्यांमुळे वरचा माणूस दिसत नव्हता. इशारे एकाच माणसाने, वॉकी-टॉकीवरून द्यायचे. 'थांब' मात्र आवारातल्या कोणीही म्हणावे. 'आर्या' म्हटले की हूक खाली येतो, हे गोदीतल्या खलाशापासून सगळ्यांना ठाऊक असल्याने तो शब्द तसाच ठेवला.

कापण्याच्या क्षणाचे वर्णन थोडे सविस्तर करतो. पट्टे बसल्यावर चालक हळूहळू ताण घेतो आणि भारदर्शकावरचा आकडा वाचून सांगतो. अंदाज ६२० असेल तर आकडा त्याच्या आसपास थांबवायचा. ताण कमी असेल तर कापल्याबरोबर फांदी खाली बसते आणि बूमला हिसका देते. जास्त असेल तर वाकलेला बूम मोकळा होऊन फांदी वर उसळते, आणि त्या वेळी आरोहकाचा चेहरा तिच्या बुडापासून हाताच्या अंतरावर असतो. कापताना करवतीची फट पाहत राहायचे. फट मिटू लागली की पात अडकणार. ती मिटणे किंवा एकाएकी रुंदावणे म्हणजे ताण जमलेला नाही. शेवटचे दोन-तीन बोटे लाकूड उरले की करवत थांबवून आरोहक कापाच्या खाली आणि बाजूला सरकतो, आपला दोर फांदीत अडकलेला नाही हे पाहतो, आणि मग उरलेले कापतो. फांदी सुटल्यावर ती बूमच्या टोकाच्या बरोबर खाली यायला बघते. बूमचे टोक पूर्वेला एक मीटर जास्त असेल तर ती पूर्वेला झुलते, म्हणून आरोहकाने त्या बाजूला कधीच उभे राहायचे नाही.

चालकाच्या म्हणण्याप्रमाणे पहिला तुकडा लहान दिला. दुसरा तो ६२० किलोचा; हूक आणि पट्टे वजा करून भारदर्शकाने ६९० दाखवले. लाकडाचा अंदाज इतका चुकण्यासारखा नव्हता, फरक पाल्याचा आणि शेंगांचा होता. तक्त्यातल्या सगळ्या पालेदार तुकड्यांचा पाल्याचा अंदाज दीडपट केला आणि दोन तुकडे त्यानुसार आखूड केले. यानंतर पालेदार तुकड्यांतला फरक पाच टक्क्यांच्या आत राहिला.

दुपारी साडेतीननंतर पश्चिमेचा वारा वाढला, आणि हवेत असलेली फांदी तोल साधूनही हळूहळू फिरू लागली. टोकाला बांधलेला वळणदोर धरायला दोन माणसे लागू लागली तेव्हा काम थांबवले. भार-तक्त्यातली वाऱ्याची मर्यादा अजून बरीच दूर होती, पण ती मर्यादा पाला असलेल्या भारासाठी लिहिलेली नसते.

६ जानेवारी : थोटके आणि सोट

सकाळी क्रेनच्या मागच्या डाव्या पायाखालची प्लेट एका बाजूने दोन सेंटिमीटर बसलेली आढळली. पाय उचलून, स्लीपर काढून खाली मुरूम ठोकला आणि यंत्र पुन्हा पाणसळीत आणले. यात तासभर गेला.

पश्चिमेची थोटके लवकर उरकली. उभ्या सोटाचे काम आडव्या खांदीपेक्षा सोपे असते: पट्टा गुरुत्वमध्याच्या वर, शक्य तितका टोकाकडे, दुहेरी वेढ्याच्या फासाने बांधायचा आणि आडवा काप घ्यायचा. बेचक्याखालचा तुकडा १६०० च्या अंदाजाला १४२० भरला. कापल्यावर गाभ्यात हाताची मूठ जाईल एवढी पोकळी दिसली. खाली जावे तशी ती रुंद होत गेली आणि तळाच्या दोन मीटरमध्ये पश्चिमेकडचे धड लाकूड जेमतेम सात सेंटिमीटर उरले होते. असल्या पोकळ नळकांड्याला बाहेरून फास आवळला तर ते चिरडू शकते, म्हणून तो शेवटचा भाग लटकवला नाही; वरचे ओझे गेलेले असल्याने जमिनीवरूनच लहान चकत्यांनी कापला.

८ जानेवारी : सामानाची तपासणी

सर्व पट्टे, शॅकल आणि कप्पी धुऊन, वाळवून एकेक तपासले. एका करड्या पट्ट्याचे बाहेरचे कापड सालीच्या खोबणीत घासून फाटले आहे आणि आतले धागे दिसत आहेत. तो मधोमध कापून टाकला, नाहीतर कोणीतरी गाडी ओढायला म्हणून तो परत गाठोड्यात घालतो. १६ मिलिमीटरच्या दोराचे कप्पीवर फिरलेले तीन मीटर टोक गुळगुळीत झाले आहे, तेवढे छाटून उरलेल्या दोराची नवी लांबी नोंदवहीत लिहिली. भारदर्शकावरची सगळी खरी वजने तुकड्यांच्या मापांसमोर मांडली आहेत. फेब्रुवारीतल्या कामातही हीच जात आहे, पण तोवर पानगळ सुरू झालेली असेल. तेव्हा पाल्याचा दीडपट अंदाज तिथे तसाच लावू नये.